पहिलं लोखंड खुरप्याला

टॅब मुलीचा जुना. ती पुण्याला नोकरी करते. नवीन घेतल्यावर हा आमच्याकडे ठेवून गेली, पण उगाच नाही ठेवला. ह्यांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं लेथवर गेली होती. मशीन चालू असताना त्यावर फिरणाऱ्या लोखंडी जॉबला पॉलिश पेपर लावत होते, बाही अडकली, आणि हात आत ओढला गेला. दोष कुणाला द्यायचा? हेच म्हणाले, माझी घाई झाली. जखम भरल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आता डाव्या हाताला सवय लावा, बटणं लावा, मणी ओवा, मोबाइलवर खेळा. म्हणून मुलीनं त्या टॅबवर एक खेळ घालून दिला.

ह्यांनी तो एकदा हातात घेतला आणि पालथा करून खाटेवर ठेवला. "लहान पोर समजते का मला," एवढंच बोलले. मुलगी सकाळच्या गाडीनं गेली. टॅब तसाच पालथा पडून राहिला.

आमची सातपूरला एकच मोठी खोली आहे, मधे पडदा. पडद्याच्या अलीकडे स्वयंपाक, पलीकडे खाट. मी दुपारी भांडी घासून बसले की पलीकडून काहीच आवाज यायचा नाही. रेडिओ नाही, टीव्ही नाही. तीस वर्षं जो माणूस मशीनच्या आवाजात राहिला तो असा बिनआवाजाचा पडलेला मला सहन होईना. बोलून त्यांना उठवावं अशी मी नाही. मला बोलायलाच येत नाही. माहेरीही मी अशीच होते, कुणी आलं की आतल्या खोलीत. म्हणून मी टॅब उचलला. निदान कशाचा तरी आवाज होईल.

माझी शाळा चौथीपर्यंत. खेळात सगळं इंग्रजी लिहिलेलं, पण त्याची अडचण आली नाही, कारण प्रत्येक गोष्टीचं चित्र होतं. एक माणूस रानात एकटा उभा असतो. त्याला आपण चालवायचं. हातात काही नाही. झाड तोडायचं, लाकडाची हत्यारं करायची, त्यांनी दगड फोडायचा, मग दगडाची हत्यारं. पोट रिकामं झालं की कोपऱ्यातली भाकरी कमी कमी होते. खेळातला दिवस मावळला की लांडगे येतात, तेव्हा घरात दार लावून बसायचं. जिंकलं, हरलं असं काही नाही. टिकून राहायचं, एवढंच.

प्रत्येक हत्याराखाली एक हिरवी रेघ असते. वापरलं की ती आखडत जाते, पिवळी होते, लाल होते. लाल झालं की दगड घासून पुन्हा धार लावायची. आणि चांगलं हत्यार पाहिजे असेल तर आपलं जुनं हत्यार ठोकळ्यावर ठेवायचं, बाजूला लोखंड ठेवायचं आणि दाबायचं. जुनं विरून जातं, त्याच्या जागी नवीन येतं. पण लोखंड सहजासहजी मिळत नाही. जेव्हा मिळतं तेव्हा एकाच हत्याराला पुरतं. कुदळ, कुऱ्हाड, विळा, खुरपं, भाला, यातलं कुठलं आधी, ते आपण ठरवायचं.

मला पहिलं लोखंड मिळायला पुष्कळ दिवस लागले. एका दुपारी ओढ्याच्या कडेला तांबूस ठिपक्यांचा दगड दिसला. तो फोडला, भट्टीत घातला, लोखंड निघालं. मी ते घेऊन ठोकळ्यापाशी आले. विचार असा काही केला नाही. लाकडी खुरपं ठेवलं, लोखंड ठेवलं, दाबलं. ठण्ण असा आवाज आला.

पडद्यापलीकडून हे म्हणाले, "कशाचा आवाज तो?"

"खेळातला."

"ते कळलं. ऐरणीचा वाटला. काय केलंस?"

"खुरपं."

"लोखंडाचं?"

"हो."

"अगं, लोखंड हाताला लागलं की आधी कुदळ करायची. कुदळीनं आणखी लोखंड निघतं. खुरप्यानं काय निघणार?"

"गवत," मी म्हणाले.

नाकातून एक आवाज आला. ते हसले होते. दवाखान्यातून आल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. चहा दे, औषध दे, लाइट बंद कर, याच्यापलीकडचं बोलणंही तेव्हापासून हेच पहिलं.

त्यांना मी कारण सांगितलं नाही, इथे लिहिते. माझं माहेर घोटीच्या बाजूला, भात आणि नागलीचं गाव. पावसाआधी लोहार यायचा तेव्हा त्याच्यापुढे हत्यारं लागायची ती ठरलेल्या क्रमानं. आधी नांगराचा फाळ. मग कुऱ्हाड, कोयता, विळे. कोळसा उरला तर खुरपी. बहुतेक वेळा तो उरायचा नाही. निंदणीला आम्ही बायका जी खुरपी न्यायचो ती झिजून चमच्यासारखी झालेली असायची. मुळं तुटायची नाहीत, बोटांनी उपटावी लागायची. माझी आई म्हणायची, पुढच्या साली करून घेऊ. तर माझ्या हातात जेव्हा पहिल्यांदा लोखंड आलं आणि कुणी विचारणारं नव्हतं, तेव्हा हात आपोआप खुरप्याकडे गेला.

त्या दिवसापासून हे पडदा बाजूला सारून बसू लागले. टॅबला हात लावत नसत. उजवा हात उशीखाली, आणि नजर माझ्या मांडीवर.

"ही पेटी कशी भरलीये? भंगारवाल्याचं दुकान."

"सापडतं मला."

"सापडतं म्हणे. मघापासून कुऱ्हाड शोधतेस. झिजलेली एकीकडे काढ. चांगली एकीकडे. आणि एका कामाचं एकच बाहेर ठेव."

मी दोन पेट्या केल्या. मग रोज खेळातल्या घराबाहेर पडताना त्यांचं सांगणं असायचं. आज शेतात काम नाही, विळा राहू दे. लाकडालाच जायचंय ना, मग पिवळी झालेली कुऱ्हाड ने, हिरवी कशाला झिजवतेस. भाल्याची रेघ बघ आधी. पेटीत काय आहे, कशाची धार किती उरलीय, हे त्यांना न बघता सांगता येऊ लागलं. मी सांगितलेलं आणायची. आल्यावर ते विचारायचे, "परत ठेवलंस का जागेवर?"

शेजारच्या वहिनींनी एकदा दारातून विचारलं, "काय हो, तुमच्या घरात मेंढी ओरडती का?" खेळात मी मेंढ्या पाळल्या होत्या. मला लाजेनं काही बोलता येईना. हेच आतून म्हणाले, "पाळलीये. लोकर निघाली की तुम्हाला देऊ." वहिनी हसत गेल्या. मी पदर तोंडाला लावून बसले. लाज तर होतीच, पण नुसती लाज नव्हती.

गणपती झाल्यावर ह्यांच्या वर्कशॉपचे शेठ घरी आले. माणूस चांगला. दवाखान्यातही दोनदा आले होते. मी चहा ठेवला आणि पडद्याआड राहिले.

"मामा," ते ह्यांना म्हणाले, वर्कशॉपमध्ये सगळे मामाच म्हणतात, "लेथवर आता मी तुम्हाला उभं करणार नाही. तुम्ही म्हणालात तरी नाही. पण टूल स्टोअरला माणूस पाहिजे. खिडकीत बसायचं. कुणाला काय लागतं ते द्यायचं, परत घ्यायचं, धार गेलेलं बाजूला काढायचं. नवी पोरं कुठलंही टूल कशालाही लावतात. तुमच्यासारखा माणूस तिथे असला तर बरं होईल."

ह्यांनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"घाई नाही. दसऱ्याला मशीनची पूजा आहे. त्या दिवशी या आणि काय ते सांगा. नाही आलात तर मी दुसरा बघीन. माझंही अडतंय, राग मानू नका."

ते गेल्यावर मी कप उचलायला गेले. ह्यांचा चहा तसाच होता, वर साय धरलेली.

"खिडकीत बसून टूल वाटायचे," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "शाळेत खाऊ वाटतात तसे. चालवणार दुसरा."

माझ्या अगदी ओठापर्यंत आलं होतं, की इथे दुसरं काय चाललंय. तुम्ही सांगता, मी चालवते. झिजलं की तुम्ही बाजूला काढायला लावता. रानात मी एकटी जाते पण तुमच्याशिवाय मला कुठलं हत्यार न्यायचं कळत नाही. हे सगळं मला म्हणायचं होतं. मी कप घेऊन मोरीत गेले आणि बराच वेळ एकच कप घासत राहिले.

मला भीती वेगळीच होती. घर कसं चालेल याची नव्हे, ते मुलीनं बघितलं असतं, मीही दोन घरची कामं धरली असती. भीती ही, की दसरा असाच निघून गेला तर हा माणूस मग कधीच उठणार नाही. खाट, भिंत, औषध. आमच्या ओळखीत एक असे आहेत. हातीपायी धड आहेत, पण खाटेवरून उठले नाहीत ते नाहीतच.

त्यानंतर ते दोन दिवस खेळाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच त्यांच्याकडे टॅब नेला, कारण मी अडले होते. घराखालचं भुयार खणता खणता काळा दगड लागला. दगडाच्या कुदळीनं तो हलेना. ठिणगी उडायची, कुदळीची रेघ आखडायची, दगड तसाच.

"त्याला लोखंडाची कुदळ पाहिजे," ते म्हणाले. "तेव्हाच म्हटलं होतं."

"लोखंड आहे. काल मिळालं."

"मग कर की."

मी कुदळ ठोकळ्यावर ठेवली. तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. ही जाईल?"

"जाते ना. हिच्यातूनच नवीन होते."

"मग दुसरी दगडाची कर. ती लाव. ही राहू दे."

मी दुसरी केली, ठोकळ्यावर ठेवली. चौकट लाल झाली, घेईना. संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा तिला विचारलं. ती आधी हसतच सुटली. "मम्मी, तू खेळतेस? खरं सांग." मग तिनं सांगितलं, खूप वापरलेलं हत्यारच पुढे जातं, कोरं नाही जात. कोरं पुढे न्यायचं तर आधी ते पुष्कळ चालवावं लागतं.

मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग राहू दे."

"अहो, पण काळा दगड."

"राहू दे म्हटलं ना. पहिल्या दिवसापासून ती आहे. घर तिनं खणलं, भट्टीचा दगड तिनं काढला, हे लोखंडही तिनंच काढलं. तिला हात लावू नको."

माझं लाकडी खुरपं विरलं तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. झिजलेल्या हत्याराची मला कधी माया नव्हती, त्यानं माझी बोटंच सोलली होती. पण ह्यांचं तसं नाही. त्यांच्या हत्यारांच्या डब्यात पहिल्या पगारातून घेतलेला, बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर आहे, अजून मखमलीत. तर लोखंड पेटीत पडून राहिलं आणि आम्ही आहे तिथेच राहिलो. लोखंडी खुरप्यानं शेत चांगलं पिकत होतं, त्यामुळे उपाशी नव्हतो. पण पुढेही जात नव्हतो. रोज हे भुयारात जायला सांगायचे, काळ्या दगडापाशी उभं राहायचं आणि परत यायचं. एकदा म्हणाले, "वर्कशॉपलाही मी असंच उभं राहीन, लेथसमोर. बघत." मी वर बघितलं नाही.

नवमीचा दिवस आला. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजतात आणि त्या दिवशी कुठलंच हत्यार चालवत नाहीत. विळी, चाकूसुद्धा नाही. भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवायची. दरवर्षी हे त्यांचा पत्र्याचा डबा घरी आणत, मोजायचा व्हर्निअर, मायक्रोमीटर, पाने, स्वतः घासलेले टूल, सगळं पांढऱ्या कपड्यावर मांडत. अपघातानंतर कुणीतरी तो डबा घरी आणून दिला होता. मी तो माळ्यावर टाकला होता.

सकाळी ह्यांनी नावही काढलं नाही. मी माझी विळी मांडली, चाकू, सांडशी. मग स्टुलावर चढले आणि डबा खाली काढला. आयुष्यात मी त्याला पुसायलासुद्धा हात लावला नव्हता. उघडला तर तेलाचा वास आला. मी एकेक वस्तू कपड्यावर ठेवू लागले. ह्यांनी बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. मी हळदी-कुंकवाची वाटी घेतली आणि बोट बुडवलं.

"व्हर्निअरला लावू नको," ते म्हणाले. "ओलं चालत नाही त्याला. गंजतो. डब्याच्या झाकणाला लाव."

मी झाकणाला लावलं.

"आणि असं नाही मांडायचं. मोजायचं एकीकडे, कापायचं एकीकडे." ते खाटेवरून उतरले, खाली बसले. डाव्या हातात फडकं घेतलं आणि तेल मागितलं. उजव्या हाताच्या अंगठ्याखाली टूल दाबून धरायचं आणि डाव्यानं पुसायचं, असं करत सगळी हत्यारं पुसून झाली तेव्हा उन्हं दारात आली होती. झेंडूची फुलं त्यांनी ठेवली. नमस्कार दोन्ही हातांनी केला. तो हात उशीखालून बाहेर आलेला मी तेव्हा सबंध पाहिला.

दुपारी म्हणाले, "त्यांची पण पूजा करावी लागेल."

"कुणाची?"

"खेळातली. ती काय हत्यारं नाहीत?"

मी हसू आवरलं, कारण ते हसत नव्हते. पेट्यांतली सगळी हत्यारं खेळातल्या घराच्या जमिनीवर ओळीनं ठेवली. मधोमध दगडाची कुदळ. रानातून पिवळी फुलं तोडून आणली, हातानंच, आणि एकेकापुढे एक ठेवलं. शेवटी खुरपं ठेवायला गेले तर हे म्हणाले, "ते कुदळीच्या शेजारी ठेव. पहिलं लोखंड आहे."

मग खेळातला दिवस मावळला आणि लांडगे आले. मेंढ्यांचं कुंपण एका बाजूनं मोडकं होतं, ते मी विसरले होते. मेंढ्या ओरडू लागल्या. मी भाल्याकडे माणूस वळवला.

"उचलू नको."

"अहो, मेंढ्या जातील."

"गेल्या तर गेल्या. आज उचलायचं नाही."

आम्ही दोघं दार लावून ऐकत बसलो. एकेक आवाज कमी होत गेला. कुणाला हे सांगितलं तर वेड लागलं म्हणतील. टॅबमधल्या भाल्याला कसली नवमी? पण मला ते चूक वाटलं नाही. मेंढ्यांचं वाईट वाटलं. एक काळी होती, ती माझी आवडती. खेळात उजाडलं तेव्हा कुंपणात काही नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "परत पाळू."

दसऱ्याला सकाळी मी पुरणाची डाळ शिजत ठेवली होती. हे अंघोळ करून आले आणि म्हणाले, "टॅब आण."

मी आणला. "उचल आता हत्यारं. ज्याची त्याची पेटी. कुदळ ठोकळ्यावर ठेव."

मी ठेवली. लोखंड ठेवलं. आता फक्त दाबायचं होतं. माझ्याच्यानं दाबवेना. इतके दिवस ज्या वस्तूवरून ते अडून बसले होते ती माझ्या बोटानं जावी असं मला नको होतं.

"दाब ना."

"तुम्ही दाबा."

त्यांनी डाव्या हाताचं बोट पुढे केलं. पहिल्यांदा नेम चुकला, बाजूलाच लागलं. दुसऱ्यांदा बरोबर लागलं. ठण्ण असा आवाज आला. दगडाची कुदळ विरली. नवीन आली तिची रेघ लांब आणि हिरवी होती. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. छान दिसत होती, पण कुणी तसं म्हटलं नाही.

मग ते उठले. "माझा पांढरा शर्ट कुठंय?"

शर्ट मी काढून दिला. बटणं लावायला पुढे होणार होते, पण त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी डाळ बघायला गेले. डाळीचा शिजून लगदा झाला तरी त्यांचं शेवटचं बटण चाललं होतं. डबा कापडी पिशवीत घालून डाव्या हातात घेतला. उजवा हात पँटच्या खिशात. मी दारापर्यंत गेले. जाऊन येतो, एवढंच म्हणाले. काय सांगणार आहात, हे मी विचारलं नाही.

परत आले तेव्हा पिशवी रिकामी होती. रिकामी पिशवी घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "डबा स्टोअरला ठेवला. वरच्या फळीवर. लागला तर पोरं वापरतील." नंतर पाटावर बसून जेवले. पुरणपोळी दोन घेतल्या. दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपले, आणि त्यांची पाठ हलत होती, तेव्हा मी पडदा ओढून घेतला.

आता ते रोज जातात. अजून बाहेर पडताना हात खिशात असतो. लेथच्या बाजूनं जात नाहीत, मागच्या दारानं स्टोअरमध्ये जातात, असं त्यांच्याबरोबरच्या एकानं मला सांगितलं. संध्याकाळी चहा घेताना पोरांच्या तक्रारी सांगतात. कुणी ड्रिल जाळून आणलं, कुणी चांगलं टूल हलक्या कामाला लावलं. मायक्रोमीटर मात्र कुणाला देत नाहीत, तो फळीवर मागे सरकवून ठेवला आहे.

दुपारी मी एकटीच खेळते. काळा दगड फुटला, त्याच्या आत चांगलं लोखंड निघालं. मेंढ्या परत पाळल्या आहेत. काळी मिळाली नाही. काल चहा झाल्यावर ह्यांनी विचारलं, "लोखंड कशाला लावलंस?"

"विळ्याला."

"भाल्याला लावायचं. परत लांडगे आले तर?"

"कुंपण नीट केलंय."

"आधी विचारायचं तरी."

"तुम्ही कामावर होता," मी म्हणाले.